हजेरी

खाण बंद झाली त्यानंतरच्या चौथ्या हिवाळ्यात
ओटाकारने माझं शिवणयंत्र उचलून बाजूला ठेवलं
आणि त्या टेबलावर साठ लिटरची काचपेटी मांडली.
मला विचारलं नाही. पाणसळ मात्र दोनदा लावून पाहिली,
डाव्या पायाखाली ट्रामचं तिकीट सरकवलं, चार घड्यांचं.

वाळू बाथटबमध्ये धुतली. बादली एक, पाणी नऊ वेळा.
दहाव्यांदाही गढूळ आलं तेव्हा म्हणाला,
"ओस्त्रावाच ती. कितीही धुवा."
लाकूड उकळलं माझ्या उकडगोळ्यांच्या पातेल्यात,
चार तास. घरभर ओल्या रानाचा वास,
पातेल्यात कोरा चहा.
त्या रविवारी गोळे तपकिरी निघाले.
खाल्ले. करता काय?

झाडं बांधली माझ्याच रिळातल्या काळ्या दोऱ्याने,
दगडाला, जखमेवर पट्टी बांधावी तशी.
एका पानाला चिकटून एक गोगलगाय फुकट आली
आणि कुणी सांगायच्या आधी कामाला लागली.

मग काहीच नाही.
पाच आठवडे नुसतं पाणी.
दिवा सकाळी लागे, रात्री मालवे,
आणि आत बघण्यासारखं असं काही नाही.
समोरच्या दाराची ब्लाझेना जिन्यात गाठून विचारी,
"मासे कुठायत तुमचे?"
"अजून हवा चांगली नाही," तो सांगे.
पाण्याला हवा म्हणाला.
ते तिला कळलं नाही. मला कळलं.

अठ्ठावीस वर्षं जमिनीखाली नऊशे मीटरवर
हा माणूस वायू मोजत हिंडला,
ज्याला वास नाही, रंग नाही,
आणि जो कुणाची ओळख ठेवत नाही.
आता नळीत पाच थेंब टाकतो,
खिडकीशी धरतो, एक डोळा मिटून.
गुलाबी.
परवा पुन्हा गुलाबी.
"स्पंजात बारीक जीव वस्तीला येतायत," म्हणाला,
"विष खाऊन जगणारे. त्यांना घाई करून चालत नाही."
पेन्शनच्या कागदांसाठीसुद्धा
इतका धीर मी त्याच्यात पाहिला नव्हता.

ज्या दिवशी नळी पांढरी राहिली
त्या दिवशी बाहेर उणे अकरा होतं.
आर्नोश्तच्या तळघरातून तो दहा मासे घेऊन आला,
पिशवी सदऱ्याच्या आत, पोटाशी,
ट्राममध्ये उभा राहून. बसलो तर चेपतील म्हणून.
वीस मिनिटं पिशवी तरंगत ठेवली.
मग एकेक निळी रेघ
काचेआडच्या त्या चहात उतरली.

तो पलंगावर पडला आणि घोरू लागला.

माझी नोकरी दिवेखोलीत होती, खिडकीच्या अलीकडे.
बिल्ला घ्यायचा, खिळ्याला लावायचा, दिवा द्यायचा.
पाळी सुटली की दिवा आत, बिल्ला बाहेर.
एखाद्या खिळ्यावर पितळ राहिलंच
तर मी खुर्चीला टेकत नसे.
एका मार्चमध्ये तीन राहिले.
नावं आठवायला वेळ लागतो आता,
आकडे नाही लागत.

रात्री दोनला पाणी प्यायला उठले
आणि मोजले. मोजायचे नव्हते.
नऊ.
पुन्हा, डावीकडून.
नऊ.
पाय फरशीला चिकटले. बॅटरी काढली फडताळातून,
लाकडाखाली, पानांत, दगडामागे,
गोगलगाय सुद्धा थांबून बघत असावी.
फिल्टरच्या मागे, काचेला टेकून, दहावा.
पांढराफटक. हलत नव्हता.
मग एक कल्ला हलला.
झोपेत त्यांचा रंग उतरतो
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दारात ओटाकार, लोकरी मोज्यांत.
"किती?" एवढंच विचारलं.
"दहा."
त्याने माझ्या हातातली बॅटरी घेतली, विझवली,
आणि जाता जाता
पेटीच्या झाकणावर दोनदा बोट वाजवलं,
खाली उतरण्याआधी माझ्या खिडकीवर
वाजवायचा तसं.